मोहनिद्रा आणि दिव्यदृष्टि

मोहनिद्रेंत गेलेल्या मनुष्यास दूरचें दिसतें, दुसऱ्याच्या मनांतलें कळतें, पूर्वजन्म आठवतो, असें सांगणारे लोक सुशिक्षित घरांतहि भेटतात. ही विद्याच खोटी, असें म्हणून त्यांचें समाधान होत नाहीं. कारण ती खोटी नाहीं. तिच्या नांवावर जें खपविलें जातें तें मात्र निराळें आहे.

आपल्या देहांतील एक सूक्ष्म प्रवाह रोग्यांत संचारतो, असें डॉ. मेस्मर यांनीं प्रतिपादिलें. हाच मेस्मेरिझम, आपल्याकडे त्यास प्राणविनिमय असें भारदस्त नांव मिळालें. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें नेमलेल्या मंडळानें त्यांच्या शिष्याच्या प्रयोगांची परीक्षा केली. बेंजामिन फ्रँक्लिन व लाव्हाझिए हे त्या मंडळांत होते. बागेंतील एक झाड भारून ठेवलें आणि डोळे बांधलेल्या एका मुलास भलत्याच झाडांपाशीं नेलें. चौथ्या झाडाशीं तो मूर्च्छित पडला; भारलेलें झाड दूरच राहिलें! हें सर्व कल्पनेचें सामर्थ्य, असा मंडळानें निर्णय दिला.

पुढें दिव्यदृष्टीची हांकाटी वाढली, तेव्हां १८३७ सालीं पॅरिसच्या वैद्यक अकादमीच्या एका सभासदानें, डोळ्यांच्या साह्यावांचून वाचून दाखविणारास ३,००० फ्रँकांचें बक्षीस लाविलें. उमेदवार येऊन गेले. बक्षीस कोणासच मिळालें नाहीं.

परंतु याच निद्रेच्या बळावर बंगाल्यांत हुगळी येथें डॉ. जेम्स एस्डेल यांनीं १८४५ पासून, क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू होण्यापूर्वीं, मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. पुढें १९५५ सालीं ब्रिटिश मेडिकल असोसिएशननेंहि संमोहनाची उपयुक्तता मान्य केली.

मग या दोहोंचा संबंध काय? मोहनिद्रेंत मनुष्य सूचना चटकन स्वीकारतो, त्याची कल्पना सजीव होते आणि आपल्या बोलण्याविषयीं त्याची खात्री वाढते. ज्ञान मात्र वाढत नाहीं. प्रश्न विचारणाऱ्यास काय हवें आहे हें तो नकळत ओळखतो व तसेंच उत्तर देतो.

१९५२ सालीं अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत एका स्त्रीनें मोहनिद्रेंत, आपण पूर्वजन्मीं आयर्लंडांतील ब्रायडी मर्फी होतों, १७९८ सालीं कॉर्क येथें जन्मलों, असें सांगितलें. १९५६ सालीं त्यावरील पुस्तक जगभर गाजलें. आयर्लंडांत शोध झाला, पण अशा स्त्रीच्या जन्माची वा मृत्यूची नोंद मिळाली नाहीं. अशा वेळीं ऐकलेल्या, वाचलेल्या व पुढें विसरलेल्या गोष्टीच आठवणींचें रूप घेऊं शकतात. मोहनिद्रेंत उजळलेल्या स्मृति अधिक विश्वसनीय नसतात, असाच अभिप्राय १९८५ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीनें दिला.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. घरांत दागिना हरवला कीं लहान मुलाकडून अंजन पाहवून चोर ओळखण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. मूल लबाड नसतें. परंतु वडीलधाऱ्यांचा संशय ज्याच्यावर, त्याचेंच रूप त्यास दिसूं लागतें. आणि संशय तरी कोणावर येतो? मोलकरणीवर, पाणक्यावर, नाहींतर घरांतील एखाद्या निराश्रित आत्याबाईंवर! दागिना पुढें फडताळांतच सांपडतो, पण गेलेली अब्रू परत मिळत नाहीं.

तेव्हां वेदनाशमनासाठीं तज्ज्ञ वैद्याच्या हातून या विद्येचा खुशाल उपयोग करावा. कोणास दोषी ठरवितांना मात्र जागेपणींचा पुरावाच मागावा.