मालवण बाजारपेठेत गाडी लावायला जागा का मिळत नाही?

मे महिना असो, दिवाळीची सुट्टी असो की डिसेंबरची अखेर, मालवणच्या पेठेत एकच प्रश्न ऐकू येतो, "गाडी लावायची कुठे?" मुंबईहून ईदला घरी आलेली मंडळी, आखातातून सुट्टीवर आलेला भाऊ, लग्नाच्या खरेदीला बाहेरगावाहून आलेली कुटुंबं, सगळे त्यात अडकतात. मग मागणी होते मोठ्या वाहनतळाची. तळ हवाच, पण तेवढ्याने पेठेतली कोंडी सुटेल असं आम्हाला वाटत नाही.

ही पेठ मोटारींसाठी वसलेलीच नाही. माल गलबतांनी बंदरात उतरायचा आणि बैलगाडीने दुकानात जायचा, त्या काळातले हे रस्ते. एका कारला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. म्हणजे वीस मीटर कडेला जेमतेम तीन-चार कार. तेवढ्यात पाच-सहा छोटी दुकानं असतात. दुकानं मागे सरकवता येत नाहीत, त्यामुळे रस्त्यावरची जागा वाढणार नाही.

मागणी मात्र वेगवेगळ्या प्रकारची आहे. मासे, मसाला, औषध किंवा कापड घ्यायला आलेल्याला अर्धा तास पुरतो. सिंधुदुर्ग किल्ला बघायला आलेला पर्यटक होडीची वाट बघणार, जाणार, फिरणार, परत येणार. त्याची गाडी तीन तास हलत नाही. तिसरी गाडी दुकानदाराची किंवा कामगाराची. सकाळी लावली की रात्रीच निघते.

आता हिशेब करा. बाजार दहा तास चालला, तर एका जागेवर अर्ध्या-अर्ध्या तासाची वीस गिऱ्हाईकं येऊन जातात. पर्यटक असतील तर तीन. दुकानदाराची स्वतःची गाडी असेल तर एकही नाही! आपल्यापैकी ज्यांची दुकानं पेठेत आहेत त्यांनी हे आधी बघावं. दारातली आपली गाडी आपलंच गिऱ्हाईक परत पाठवते.

अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ साली याच विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक रांगेत एक-दोन जागा कायम रिकाम्या राहतील इतपत शुल्क घ्यावं आणि तो पैसा त्याच रस्त्यावर खर्च करावा. फुकट जागा मिळाली की माणूस ती सोडत नाही, बाकीचे घिरट्या घालत राहतात.

आपल्याकडे हा विचार बराच जुना आहे. इमाम गझाली (मृत्यू इ. स. ११११) यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये रस्त्यावरच्या गैरप्रकारांचा वेगळा भाग लिहिला. त्यात जनावरं बांधून वाट अरुंद करणं त्यांनी रोखण्याजोगं ठरवलं, सूट दिली ती फक्त चढण्या-उतरण्यापुरती. घोड्याच्या जागी स्कूटर ठेवा, पेठेचा नियम तयार होतो: माल आणि माणसं चढवा-उतरवा, मग जागा मोकळी करा.

कायद्यातही वाट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११७ नुसार राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून वाहनं उभी करण्याच्या जागा ठरवू शकतो. म्हणजे पेठेत अर्ध्या तासाची मर्यादा आणि पर्यटकांसाठी पेठेबाहेर दिवसभराचा तळ, अशी विभागणी मागता येते. तळापासून जेटीपर्यंत रिक्षा किंवा छोटी बस हवी, नाहीतर पर्यटक परत पेठेतच घुसणार. वृद्ध आणि अपंगांच्या गाड्यांना मात्र जवळच जागा ठेवावी लागेल.

राहता राहिला जुमा. ती गर्दी कधी होणार ते आधीच ठाऊक असतं आणि नमाज झाली की पांगते, त्यामुळे हाताळायला सर्वात सोपी. मशिदीच्या कमिटीने दोन-चार तरुण उभे करावेत, दुचाकी एका रांगेत लावून घ्याव्यात, रुग्णवाहिका जाईल एवढी वाट सोडावी. जवळ राहणाऱ्यांनी चालत यावं. यासाठी नगरपरिषदेच्या ठरावाची वाट बघायला नको, येत्या शुक्रवारीच सुरू करता येईल.