औषध आहे, पण फोन करायची भीती

फेंटानिल प्रमाणाबाहेर गेले, की मेंदूतील श्वसनाचे केंद्र मंदावते. ओठ निळसर पडतात, घशातून घुरघुर येते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. अशा वेळी नॅलोक्सोनचे इंजेक्शन मांडीत दिले किंवा फवारा नाकात मारला, तर दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. मात्र त्याचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि फेंटानिल शरीरात उरलेले असू शकते. म्हणून रुग्णवाहिका बोलवावीच लागते.

कॅनडातील आदिवासींचे घोडे नेमके इथे अडते. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१६ मध्ये या मृत्यूंवरून आरोग्य आणीबाणी जाहीर केली. नॅलोक्सोन तिथे मोफत मिळते. तरीही २०२३ मध्ये ‘फर्स्ट नेशन्स’ आदिवासींमधील अशा मृत्यूंचा दर इतरांच्या सुमारे सहापट होता. यामागे जुन्या जखमा आहेत. मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवले जाई, मातृभाषा बोलले तर शिक्षा होई. दुसरे कारण दवाखान्यातली वागणूक.

क्युबेक प्रांतात २०२० मध्ये अतिकामेक समाजातील सात मुलांची आई पोटदुखीने रुग्णालयात आली. ती व्यसनी असून नशा न मिळाल्याने तळमळते आहे, असे कर्मचाऱ्यांनी गृहीत धरले. तिला उद्देशून काढलेले अपमानास्पद उद्गार तिच्याच मोबाइलवरून थेट जगापर्यंत गेले. तिच्या फुप्फुसांत पाणी भरले होते. त्यातच ती गेली. वंशभेद आणि पूर्वग्रह यांचा या मृत्यूला हातभार लागला, असे अधिकृत चौकशीत नोंदवले गेले. (आपल्याकडेही ‘गर्दुल्ला आहे’ म्हटले, की तपासणी तिथेच आटोपते.)

न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेटी राम्सडेन यांनी यावर एक साधी कसोटी सांगितली होती: सेवा सुरक्षित होती की नाही, हे डॉक्टरांनी नव्हे, रुग्णाने ठरवायचे. ब्रिटिश कोलंबियात २०१३ पासून आदिवासींची आरोग्यसेवा त्यांच्याच ‘फर्स्ट नेशन्स हेल्थ अथॉरिटी’कडे आहे. तिथे ‘आधी सोडा, मग या’ अशी अट नाही. स्वच्छ सुया आणि मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन यांच्या जोडीला वडीलधाऱ्यांचा सहवास आणि पारंपरिक विधीही उपचारात धरले जातात. समजावण्याची भाषाही त्यांच्या कथांतली आहे: लांडगा म्हणजे नाती, गरुड म्हणजे ज्ञान, अस्वल म्हणजे बळ, डोमकावळा म्हणजे ओळख आणि बदल.

हे सगळे सुरळीत चालते, असे मात्र नाही. दारूने घरे उद्ध्वस्त झालेली पाहिलेल्या अनेक वडीलधाऱ्यांना पूर्ण वर्ज्य हाच एक मार्ग वाटतो. सुया वाटणे त्यांना पटत नाही. त्यांचे म्हणणे अडाणीपणाचे म्हणून उडवून लावले, तर तोही अपमानच.

मदतीसाठी फोन करणाऱ्यावर अमली पदार्थ बाळगल्याचा गुन्हा लावू नये, असा कायदा कॅनडाने २०१७ मध्ये केला. पण सरकारी माणसे घरात आली की मुले काढून नेतील, ही आदिवासी आईची भीती त्या कायद्यात बसत नाही.