ताशी चार मैलांची विश्रांती

‘थोडी विश्रांती घ्या’ हा सल्ला आम्ही डॉक्टर मंडळी दिवसातून अनेकदा देतो. परंतु विश्रांती म्हणजे नेमके काय, हे समजावून सांगण्यास आम्हांला सवड होत नाही. परिणामी रुग्ण आपापल्या परीने तिचा अर्थ लावतात. कोणी आठ दिवस अंथरुणाला खिळतो, तर कोणी आठ दिवसांत सात शहरे पाहून येतो आणि पूर्वीपेक्षा अधिक थकून दवाखान्यात बसतो. शरीराला काम आणि मनाला सवड, या दोहोंचा मेळ जिथे बसतो ती खरी विश्रांती. असा मेळ मला इंग्लंडमधील जुन्या कालव्यांवर, अरुंद नौकेच्या मंदगती प्रवासात आढळला. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले त्या देशात आहेत आणि उन्हाळ्यात आईवडील दोन-तीन महिने तिकडे जातात. त्यांच्यासाठी हा लेख विशेषतः लिहीत आहे.

कोळशाच्या वाटेवरून

हे कालवे सहलीसाठी खोदले गेले नव्हते. 1761 मध्ये वर्स्ले येथील खाणींतून मँचेस्टरकडे कोळसा नेण्यासाठी ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि मँचेस्टरमधील कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. जेम्स ब्रिंडली हा त्यामागील प्रमुख अभियंता. पुढे मध्य इंग्लंडमध्ये कालव्यांचे जाळे विणले गेले. पाणी आणि खर्च वाचावा म्हणून तेथील अनेक लॉक, म्हणजे जलपाश, जेमतेम सात फूट रुंद बांधण्यात आले. म्हणूनच त्यांतून जाणारी ‘नॅरोबोट’ सहा फूट दहा इंच रुंद. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. काठावरच्या वाटेने घोडा चाले आणि दोराने नाव ओढी.

रेल्वे आल्यावर नावाड्यांची मिळकत घटली. घरभाडे परवडेना, तेव्हा अनेकांनी बायकामुलांसह नावेतच संसार थाटला. दहा फुटांच्या कोठडीत अख्खे कुटुंब राही. या मुलांच्या अनारोग्याविरुद्ध आणि निरक्षरतेविरुद्ध जॉर्ज स्मिथ या गृहस्थाने आवाज उठवला. त्यातून 1877 आणि 1884 चे कायदे झाले. नावांची नोंदणी, कोठडीत किती माणसांनी राहावे याची मर्यादा आणि आरोग्यविषयक तपासणी त्यांनी सक्तीची केली. आज जी नाव आपण हौसेने भाड्याने घेतो, ती एके काळी सार्वजनिक आरोग्याचा गंभीर प्रश्न होती, याचे भान असलेले बरे.

विसाव्या शतकात मालवाहतूक आटली आणि कालवे गाळाने भरू लागले. एल. टी. सी. रोल्ट या अभियंता-लेखकाने 1939 मध्ये बॅनबरीहून आपल्या ‘क्रेसी’ नावेतून प्रवास केला. त्यावरील ‘नॅरो बोट’ हे त्याचे पुस्तक 1944 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या वाचकांतूनच 1946 मध्ये कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली. आज इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग 2012 पासून एक धर्मादाय न्यास सांभाळतो.

‘तुम्ही बसा’

बहुतेक कालव्यांवर वेगमर्यादा ताशी चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरहूनही कमी आहे. काठाला बांधलेल्या नावांजवळून जाताना त्याहूनही हळू जायचे असते. दिवसाचा हिशेब सोपा आहे : मैलांच्या संख्येत लॉकची संख्या मिळवावी आणि तीनाने भागावे. बारा मैल आणि सहा लॉक म्हणजे सहा तास. हा हिशेब कोणालाही घाईने बदलता येत नाही. वेग कमी ठेवण्यासाठी मनोनिग्रह लागत नाही. ते काम कालवाच करतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही ऑक्सफर्ड कालव्यावर पाच दिवस होतो. मी, पत्नी, लेक, जावई आणि आमचे व्याही. व्याही एकाहत्तर वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मुलाच्या घरी येऊन त्यांना दोन महिने झाले होते. सुनेने आणि मुलाने त्यांना अगदी तळहातावर जपले होते. भाजी चिरायला घेतली की ‘बाबा, तुम्ही बसा’. कचऱ्याची पिशवी उचलली की ‘राहू द्या, तुम्ही बसा’. त्यांची भूक मंदावली होती, झोप तुटक झाली होती आणि बोलणे तर अगदीच कमी झाले होते. तपासण्यांत वावगे काही नव्हते.

पहिल्याच लॉकशी त्यांचे डोळे चमकले. नाव आत घ्यायची, खालचा दरवाजा लावायचा, वरच्या बाजूच्या झडपा हाताच्या किल्लीने फिरवून उघडायच्या. की पाणी भरू लागते आणि पंधरा-वीस टन वजनाची नाव सावकाश वर येते. कुठेही पंप नाही, वीज नाही. केवळ पाण्याचा उतार. एका वेळी साधारण लाखभर लिटर पाणी खाली जाते, म्हणून समोरून नाव येत असेल तर लॉक तिला द्यायचे आणि आपण थांबायचे. हे सारे व्याहीच आम्हांला समजावून देऊ लागले. आयुष्यभर त्यांनी पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुकाण्याचा दांडा धरला. दांडा डावीकडे लोटला की नावेचे तोंड उजवीकडे वळते, आणि तेही क्षणभर थांबून; त्यामुळे हात व डोळा यांचे जुळायला थोडा वेळ लागतो. हा जुना कालवा टेकड्यांना छेद न देता त्यांच्या कडेकडेने जातो. नॅप्टनच्या टेकडीवरची पवनचक्की कधी समोर, कधी उजवीकडे, तर कधी पाठीमागे दिसत राहते. नॅप्टनचे नऊ लॉक आम्ही एका सकाळी उतरलो. जावई झडपा फिरवी, लेक पुढच्या लॉककडे चालत जाई, पत्नी चहाचे पाहत असे. संध्याकाळी नाव काठाला बांधल्यावर व्याही म्हणाले, “डॉक्टर, आज दिवसभरात मला कोणी ‘तुम्ही बसा’ म्हणाले नाही.” त्या रात्री ते पोटभर जेवले आणि सलग झोपले.

यात चमत्कार काही नाही. दिवसभर मोकळ्या हवेत व उजेडात राहिल्याने शरीराचे घड्याळ जाग्यावर येते. थांबून-थांबून चालणे व हातांचे काम झाल्याने भूक लागते. आणि आपली गरज आहे ही जाणीव वृद्धांना औषधाइतकीच आवश्यक असते. मायेपोटी आपण ज्येष्ठांच्या हातचे काम काढून घेतो, तेव्हा त्यांचे स्नायू आणि उमेद ही दोन्ही झिजवत असतो.

जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा

नाव चालवायला भाडेकरूला परवाना लागत नाही; भाड्याने देणारे प्रात्यक्षिक दाखवतात. तरीही नुकतीच पोटाची, हर्नियाची वा डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी व छातीत दुखण्याची तक्रार असलेल्यांनी लॉकचे जड दरवाजे ढकलू नयेत. इतरांनीही पाठ तुळईला टेकवून, कमरेऐवजी पायांच्या जोराने, सावकाश ढकलावे. गुडघेदुखी असलेल्यांनी नावेच्या पायऱ्या आधी पाहून घ्याव्यात. चक्कर येणाऱ्यांनी किंवा तोल सांभाळता न येणाऱ्यांनी लॉकच्या दरवाजावरून पलीकडे जाऊ नये. औषधे दोन दिवस जास्तीची जवळ ठेवावीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा चुकवू नयेत. प्रत्येक पुलाला क्रमांक असतो; मागचा पूल कोणता होता हे लक्षात ठेवावे. 999 वर मदत मागताना तोच आपला पत्ता ठरतो.

तीन धोके

पहिला धोका लॉकमध्ये. खाली उतरताना वरच्या दरवाजाजवळ पाण्याखाली दगडी उंबरा असतो; नावेचा मागचा भाग त्यावर अडकला तर नाव पुढे कलंडते. काठावरील खुणेच्या पुढेच नाव ठेवावी आणि झडपेपाशी एकाने सतत लक्ष द्यावे. हात, पाय, डोके नावेच्या कडेबाहेर काढू नये. पंधरा-वीस टनांची नाव कोणीही हाताने थोपवू शकत नाही. मुलांना व पोहता न येणाऱ्यांना जीवरक्षक जाकीट घालावे. कोणी पाण्यात पडल्यास प्रथम इंजिनाचा गियर काढून पंखा थांबवावा.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. नावेत लाकूड-कोळशाची शेगडी, गॅस आणि इंजिन असते. गारठा वाटतो म्हणून आपली मंडळी हवेची भोके कापडाने बुजवतात. असे कधीही करू नये. बंद न्हाणीघरात गॅस गीझरने दरवर्षी आपल्याकडे जे बळी जातात, ते याच वायूचे. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे ही लक्षणे एकाच वेळी अनेकांना जाणवली आणि बाहेर आल्यावर कमी झाली, तर अन्न बाधल्याची शंका घेत बसू नये. सर्वांनी तत्काळ नावेबाहेर पडून मदत मागवावी. करोनाकाळात घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर इथे फसवतो. रक्तात विषारी वायू असतानाही तो आकडा चांगला दाखवू शकतो. नावेत या वायूचा इशारा देणारे यंत्र तिथल्या नियमांनी सक्तीचे आहे. चढताच ते दाबून पाहावे.

तिसरा धोका आपल्या परिचयाचा. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा हा आजार कालव्याच्या पाण्यातूनही होऊ शकतो. जखम जलरोधक पट्टीने झाकावी, जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. परतल्यावर तीन-चार आठवड्यांच्या आत ताप आणि पोटऱ्यांत तीव्र वेदना झाल्यास, ‘कालव्याच्या पाण्याशी संबंध आला होता’ हे डॉक्टरांना न विचारताच सांगावे. निदान लवकर झाले तर उपचार सोपे असतात.

कालव्यावर जाणे सर्वांनाच जमेल असे नाही आणि त्यासाठी इंग्लंड गाठायलाच हवे असेही नाही. मात्र पुढच्या वेळी घरातील वडीलधारे काही करायला उठले, तर त्यांना ‘तुम्ही बसा’ म्हणण्याऐवजी काम थोडे सोपे करून त्यांच्या हाती द्यावे. त्यांना वेळ लागेल. तो लागू द्यावा.