कुत्र्याच्या पिल्लाचे संगोपन

कुत्र्याचे पिल्लू आईपासून वेगळे झाल्यावर साधारण वर्षभराचे होईपर्यंत त्याला घरी दिला जाणारा आहार, त्याच्या आरोग्याची निगा, माणसांत वावरण्याची सवय आणि शिक्षण यांना एकत्रितपणे पिल्लाचे संगोपन म्हणतात. पिल्लाची जगाशी ओळख होण्याचा काळ आणि त्याला रोगांपासून पुरेसे संरक्षण नसण्याचा काळ एकच असतो. या दोहोंचा मेळ घालणे हा संगोपनाचा गाभा होय.

घरी आणण्याचे वय

जन्मानंतर सुमारे १० ते १४ दिवसांनी पिल्लाचे डोळे उघडतात आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला ऐकू येऊ लागते. भावंडांशी खेळताना किती जोराने चावावे याचा धडा त्याला मिळतो. त्यामुळे फार लवकर वेगळे केलेले पिल्लू पुढे जोरात चावण्याची शक्यता असते. भारतात २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार ८ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही.

समाजीकरण

जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पिल्लाच्या वाढीतील संवेदनक्षम काळाचे विवेचन केले. हा काळ साधारणपणे तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत मानला जातो. या काळात न अनुभवलेल्या गोष्टींची पिल्लाला पुढे भीती वाटू शकते आणि भ्यालेला कुत्रा चावण्याचा संभव अधिक असतो. वसई तालुक्यातील भुईगावसारख्या किनारी गावात लहान मुले, गायी-कोंबड्या, वाडीतील पाण्याचा पंप, गणपतीतील ढोल-ताशे अशा गोष्टींची ओळख दुरून व हळूहळू करून देता येते. लसी पूर्ण होईपर्यंत भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या जागी पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन फिरवणे सुरक्षित असते.

लसीकरण

पार्व्हो, डिस्टेंपर आदी रोगांवरील लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करून दर ३-४ आठवड्यांनी, वयाच्या सोळाव्या आठवड्यापर्यंत दिल्या जातात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे सुरुवातीला लसीचा प्रभाव रोखतात. ती नेमकी केव्हा ओसरतील हे सांगता येत नाही, म्हणून मात्रा पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. रेबीजची लस साधारणपणे तिसऱ्या महिन्यात देतात व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तिची पुनर्मात्रा देतात. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. लस न झालेले पिल्लू चावल्यास किंवा त्याचे नख लागून ओरखडा उठल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे लागते.

शिक्षण

झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळल्यावर पिल्लाला ठरलेल्या जागी नेल्यास त्याला शौचाची सवय लागते. योग्य वर्तनाचे बक्षीस काही क्षणांतच द्यावे लागते. उशिरा मिळालेल्या बक्षिसाचा किंवा शिक्षेचा संबंध पिल्लाला लावता येत नाही. घाण केल्यावर मारल्यास ते माणसापासून लपून शौच करण्यास शिकते. दुधाचे दात पडून कायमचे दात येताना, म्हणजे चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास, चावण्याची ओढ वाढते. अशा वेळी हात बाजूला घेऊन चावण्याजोगे खेळणे पुढे करणे आणि चावताच खेळ थांबवणे हा उपाय केला जातो.

आहार व पावसाळ्यातील काळजी

चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे व मनुका कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. शिजवलेली हाडे चावताना फुटून त्यांचे टोकदार तुकडे आतड्याला इजा करतात. कोकणच्या दमट हवेत त्वचारोग व गोचीड यांचा त्रास होतो. गोचिडांमुळे तापाचे आजारही पसरतात. साचलेल्या पावसाच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. उंदीर-घुशींच्या मूत्रातून पसरणारा हा रोग माणसालाही होत असल्याने पिल्लाला अशा पाण्यापासून दूर ठेवणे कुटुंबाच्याही हिताचे असते.

हेही पहा

रेबीज, लेप्टोस्पायरोसिस, मुधोळ हाउंड