उमरेड : वावर, खाण आणि वाघ

लेखमाला : तालुक्यांचे अर्थकारण (लेखांक नववा)

उमरेडला रेल्वे दोनदा आली. पहिल्यांदा १९०८ साली, बंगाल-नागपूर रेल्वेची नॅरोगेज. नागपुरातल्या इतवारीहून निघून कुही, उमरेड, भिवापूर करत ती नागभीडला जाई. दुसऱ्यांदा आली ती कोळशासाठी, बुटीबोरीकडून टाकलेली ब्रॉडगेज. या दुसऱ्या मार्गावरून कोळशाच्या वाघिणी जाऊ लागल्या, तरी पुढची कित्येक दशके माणसे नॅरोगेजच्या छोट्या डब्यांतूनच फिरत होती. नोव्हेंबर २०१९मध्ये नॅरोगेज रुंदीकरणासाठी बंद झाली आणि त्या मार्गावरच्या गावांना एसटी व खासगी वाहनांचाच आधार उरला. कोळशाला ब्रॉडगेज कधीच मिळाली होती. माणसांना आणि शेतमालाला तिच्यासाठी थांबावे लागले. उमरेडच्या अर्थकारणाकडे पाहताना हा क्रम ध्यानात ठेवायला हवा.

नागपूरपासून आग्नेयेला साधारण ४५ किलोमीटरवर, गडचिरोलीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर हे शहर वसले आहे. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास होती. नगरपालिका १८६७ सालची, म्हणजे दीडशे वर्षांहून जुनी. भिवापूर आणि कुही या शेजारच्या तालुक्यांचाही रोजचा व्यवहार उमरेडशी जोडलेला आहे: बाजार, दवाखाना, कॉलेज, सरकारी कचेऱ्या. नागपूर जिल्हा म्हटले की मिहान, बुटीबोरी आणि संत्री आठवतात. जिल्ह्याचा हा आग्नेय कोपरा मात्र शेतीवर जगतो. त्याच्या जमिनीखाली कोळसा आहे आणि शिवाराला लागून वाघाचे जंगल आहे. तीन संपत्ती एकाच तालुक्यात असूनही इथल्या तरुणाला कामासाठी नागपूर किंवा पुणे का गाठावे लागते, हा या लेखांकाचा प्रश्न आहे.

धानपट्टा आणि पऱ्हाटीचा पट्टा

विदर्भाच्या पीकनकाशावर उमरेड सीमेवर येते. पश्चिमेला वर्ध्याच्या बाजूने कापूस, सोयाबीन आणि तूर. पूर्वेला वैनगंगेच्या बाजूने धान. जुन्या जमाबंदीतली जमिनीची नावे शेतकऱ्यांच्या तोंडी अजूनही आहेत. कन्हार म्हणजे खोल काळी, मोरंड मध्यम, खर्डी उथळ आणि बर्डी मुरमाड. कन्हारात गहू-हरभरा साधतो, बर्डीत खरिपाचे एक पीक पदरात पडले तरी पुष्कळ. एकाच गावात, धुऱ्याला धुरा लागलेल्या दोन शेतकऱ्यांची मिळकत म्हणूनच निराळी असते.

सोयाबीन इकडे गेल्या चार दशकांत फोफावले. तीन-साडेतीन महिन्यांत पीक हाती येते, मजूर कमी लागतात आणि दसरा-दिवाळीला पैसा मिळतो, म्हणून ज्वारी हटली आणि सोयाबीन आले. जोखीमही त्याच्याबरोबर आली. २०२३च्या पावसाळ्यात पिवळ्या मोझॅकने नागपूर जिल्ह्यातली उभी शेते पिवळी पाडली. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजार समित्यांत मात्र शेतकऱ्यांना त्याहून बरेच कमी दाम घ्यावे लागले. माल ओला आहे, डागी आहे, अशी कारणे व्यापाऱ्याकडे असतात. शेतकऱ्याकडे वाळवायला ओटा नसतो, ठेवायला गोदाम नसते आणि थांबायला वेळही नसतो.

पाण्याची स्थिती अशीच अर्धवट आहे. पाऊस चांगला पडतो, पण तो तीन महिन्यांत येऊन जातो. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून अडीच लाख हेक्टर भिजवण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. उमरेड-भिवापूरच्या उंच भागासाठी मोखाबर्डी उपसा सिंचन योजना याच प्रकल्पाचा भाग आहे. पायाभरणीच्या दिवशी जन्मलेले मूल आज पस्तिशी ओलांडून गेले आहे. बारमाही पाण्याची हमी नसलेला शेतकरी दुसऱ्या पिकाचा, फळबागेचा किंवा भाजीपाल्याचा धोका पत्करत नाही, आणि तो पत्करल्याशिवाय एकरी उत्पन्न वाढत नाही.

विणकरांचे उमरेड

कोळसा सापडण्याच्या कितीतरी आधी उमरेडची ओळख मागाची होती. रेशीमकाठी धोतरे हा इथल्या कोष्टी विणकरांचा माल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सरकारी गॅझेटिअरने हातमागाचे विणकाम हाच या गावाचा मुख्य धंदा म्हणून नोंदवला आहे. विदर्भाचा कापूस, गावातला माग, गावातलीच रंगारी-विणकरांची कसबी माणसे आणि नागपूरची बाजारपेठ अशी ती साखळी होती. कच्च्या मालाचे पक्क्या मालात रूपांतर गावात होई आणि त्या रूपांतराची मजुरी, नफा, कारागिरीची पत हे सारे गावातच राही.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीचे सूत विणकरांच्या उपयोगी पडले, पण पुढे गिरणीचे कापड आणि मग यंत्रमाग यांनी हातमागाचा बाजार आकसत नेला. या इतिहासाची आठवण करायची ती एवढ्यासाठी, की मालाला मोल जोडण्याचे कसब या गावाला परके नव्हते. आज कापूस, सोयाबीन, मिरची आणि कोळसा यांतला बराच मोठा हिस्सा कच्च्याच रूपात तालुक्याबाहेर जातो.

खाण : नोकरी कोणाला, जमीन कोणाची?

उमरेडचा कोळसा गोंडवन कालखंडातला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. सुपीक मातीच्या खाली दडलेल्या या साठ्यावर १९६०च्या दशकात राष्ट्रीय कोळसा विकास महामंडळाने खुली खाण उघडली. १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे लोकांच्या तोंडची 'वेकोलि', स्थापन झाली आणि खाण तिच्याकडे आली. उमरेड, मकरधोकडा, गोकुल, दिनेश अशा खाणी वेकोलिच्या उमरेड क्षेत्रात गणल्या जातात. वेकोलिचा मोठा ग्राहक म्हणजे वीज केंद्रे. कोराडी आणि खापरखेड्यासारखी महानिर्मितीची केंद्रे तिच्या कोळशावर चालतात.

खाणीने उमरेडला बांधील पगाराची चव दाखवली. वसाहत, शाळा, दुकाने, घरबांधणी, वाहनांची दुरुस्ती असे त्या पगाराभोवती एक आख्खे बाजारपेठेचे वर्तुळ उभे राहिले. खाण कामगाराच्या घरातली मुले इंजिनिअर, नर्स, शिक्षक झाली. हे ऋण नाकारता येणार नाही.

हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जमीन १९५७च्या कोळसाक्षेत्र संपादन कायद्याने घेतली जाते. कोल इंडियाच्या २०१२च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा निकष आहे. महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या जवळपास. सरासरी शेतकऱ्याच्या घरात त्या हिशेबाने एकच नोकरी येते. एका वावरावर दोन-तीन भावांची कुटुंबे जगत असतील, तर नोकरी एकाला आणि बाकीच्यांना रोख रक्कम. ज्यांच्याकडे दोन एकरही नाहीत त्यांना इतरांशी जमिनी एकत्र करून नोकरीचा दावा करावा लागतो. आणि सातबारावर ज्याचे नावच नाही, तो शेतमजूर, बटाईदार, त्या वावरात आयुष्यभर निंदण-खुरपण करणारी बाई, यांच्या वाट्याला काहीच येत नाही. वावर गेले की त्यांचे काम गेले.

खुल्या खाणीत कोळशावरची माती-दगड आधी उपसावी लागते. 'ओबी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मातीचे ढिगारे गावांच्या कडेला डोंगरासारखे उभे राहतात. हे उपशाचे काम आता मोठ्या प्रमाणावर खासगी कंत्राटदारांकडे असते. म्हणजे उत्पादन वाढले तरी कायम नोकऱ्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. वाढतात त्या कंत्राटी ड्रायव्हर-ऑपरेटरच्या जागा.

एक पैसा मात्र असा आहे ज्याकडे गावांनी लक्ष द्यायला हवे. कोळशावर किमतीच्या १४ टक्के स्वामित्वधन आकारले जाते. २०१५ साली खाण कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार जुन्या खाणींना या स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी जादा रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. समजा, एक टन कोळसा २,००० रुपयांचा आहे. स्वामित्वधन २८० रुपये, प्रतिष्ठानाचा वाटा ८४ रुपये. एका वाघिणीत साधारण साठ टन कोळसा मावतो, म्हणजे वाघिणीमागे पाच हजार रुपयांवर रक्कम. हा निधी खाणबाधित भागासाठी आहे. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण, कौशल्य यांना त्यात अग्रक्रम आहे.

कारखाने आणि कामगारांचा जीव

तालुक्यात मोल जोडणारा मोठा शेतीउद्योग उभा राहिला तो बेला भागात. नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने सुरू झालेला पूर्ती साखर कारखाना पुढे मानस अ‍ॅग्रो या नावाने ओळखला जाऊ लागला. उसापासून साखर, मळीपासून अल्कोहोल आणि चिपाडापासून वीज, अशी एका पिकाची तीन उत्पादने तिथे निघतात. विदर्भात ऊस मर्यादित आहे, कारण पाणी मर्यादित आहे. पण शेतातून आलेल्या मालावर तालुक्यातच दोन-तीन प्रक्रिया होऊ शकतात, हे या उदाहरणाने दाखवले.

उमरेडच्या एमआयडीसीत धातूपासून रसायनापर्यंतचे उद्योग आले. यांतल्या अ‍ॅल्युमिनिअम पावडरीसारख्या उत्पादनाचे इथल्या शेतीशी नाते नाही. ते आले जमीन, वीज आणि नागपूरच्या सान्निध्यासाठी. रोजगाराच्या दृष्टीने त्यांचे स्वागत आहे. परंतु १ ऑगस्ट २०२० रोजी बेल्याच्या साखर कारखान्यात झालेल्या स्फोटात पाच कामगार गेले आणि ११ एप्रिल २०२५ रोजी एमआयडीसीतल्या अ‍ॅल्युमिनिअम पावडर कारखान्यात स्फोट होऊन आसपासच्या खेड्यांतले तरुण दगावले. अ‍ॅल्युमिनिअमची बारीक भुकटी हवेत मिसळली की एका ठिणगीने पेट घेते, हे औद्योगिक सुरक्षेतले प्राथमिक ज्ञान आहे. उद्योग हवेत, आणि सुरक्षा तपासणीत कोणतीही तडजोड नको. शेती सोडून कारखान्यात गेलेल्या पोराच्या जिवाची किंमत नुकसानभरपाईच्या धनादेशाने भरून येत नाही.

भिवापुरी मिरची

पूर्वी उमरेडचाच भाग असलेल्या भिवापूरने या परिसराला एक नाव दिले आहे. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिचा गडद लाल रंग ही तिची खूण. हंगामात इकडे मिरचीचे सातरे लागतात. मोकळ्या जागेवर लाल मिरची पसरलेली आणि तिच्याभोवती देठ खुडणाऱ्या बायका. मजुरी खुडलेल्या वजनावर मिळते. दिवसभर तिखटाच्या खकाण्यात बसून, तोंडाला फडके बांधून त्या हे काम करतात. सुमारे चार किलो ओली लाल मिरची वाळली की एक किलो भरते. तीच दळून, नीट पॅक करून, मानांकनाच्या खुणेसह विकली तर तिचे दाम वाढतात.

पण चुरडामुरडा रोगाने पीक अनेकदा हातचे जाते आणि जास्त उतारा देणाऱ्या संकरित वाणांनी मूळ वाणाचे क्षेत्र कमी केले. मानांकन कागदावर असणे वेगळे आणि शुद्ध बियाणे, सामायिक वाळवणयंत्र व दळणकेंद्र वावराच्या जवळ असणे वेगळे. शेतकऱ्याच्या कमाईत फरक पडतो तो दुसऱ्या गोष्टीने.

जंगलाचे अर्थकारण

२०१२ साली उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र १८९ चौरस किलोमीटर. नागझिऱ्याहून चालत आलेल्या 'जय' नावाच्या धिप्पाड वाघाने २०१३नंतर त्याला देशभर प्रसिद्धी मिळवून दिली. एप्रिल २०१६नंतर तो पुन्हा दिसला नाही, पण पर्यटक येत राहिले. कऱ्हांडला, गोठणगाव, पवनी या प्रवेशद्वारांवर गाईड, जिप्सीचालक, चहा-नाश्त्याची दुकाने असा नवा रोजगार निर्माण झाला.

३१ डिसेंबर २०२४ रोजी एफ-२ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारी गाड्यांच्या गराड्यात अडकल्याची चित्रफीत पसरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. वाघ दिसावा म्हणून वाघालाच कोंडणारे पर्यटन टिकणार नाही, याची ती ठळक सूचना होती. जंगलाला लागून वावर असलेल्या शेतकऱ्याची अडचण आणखी निराळी. रानडुकरे पीक उद्ध्वस्त करतात, गुरे वाघाच्या तोंडी जातात, आणि सफारीचे उत्पन्न मिळते ते प्रवेशद्वाराजवळच्या मोजक्या गावांना. रात्री पिकाची राखण करणाऱ्याला त्यातले फारसे काही मिळत नाही.

पुढची पायरी

क्विंटलभर सोयाबीनपासून साधारण अठरा किलो तेल निघते आणि उरते ती ढेप, जिच्यावर कोंबडीपालनाचा धंदा चालतो. तुरीची डाळ होते, मिरचीचे तिखट होते, धानाचा तांदूळ होतो आणि कोंड्याचे तेल निघते. या प्रत्येक पायरीवर मजुरी आहे, नफा आहे, हिशेबनीस आणि मेकॅनिकची नोकरी आहे. त्या पायऱ्या उमरेड-भिवापूर-कुहीच्या परिसरात जितक्या जास्त उभ्या राहतील, तितका पैसा इथे थांबेल. त्यासाठी तीन कामे आधी हवीत: मोखाबर्डीचे पाणी शेवटच्या वावरापर्यंत, ब्रॉडगेजवर शेतमाल चढवण्याची सोय, आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना गोदाम व वाळवणीचे ओटे.

कोळसा कायमचा नाही. खाण बंद होण्याच्या आधीच खाणीनंतरची रोजी उभी करायला हवी, आणि त्यासाठी लागणारे भांडवल त्याच कोळशातून खनिज प्रतिष्ठानात जमा होत आहे. खाणबाधित गावांतील वाचकांनी येत्या ग्रामसभेत या निधीचा हिशेब मागावा: आपल्या गावाच्या नावे किती कामे मंजूर झाली, किती पूर्ण झाली आणि त्यांतून कोणाला रोजगार मिळाला. रस्त्यांच्या आणि सभामंडपांच्या यादीत मिरची वाळवणकेंद्राचे आणि डाळमिलचे नावही त्यांनी आग्रहाने घालावे.

(पुढील लेखांकात : कुही तालुका – गोसीखुर्दचे पाणी, विस्थापित गावे आणि मासेमारी)