इंग्लंडमधील चर्चच्या प्राथमिक शाळा : उपासना आणि मूल्ये

इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने चालणाऱ्या प्राथमिक शाळांपैकी साधारण एक चतुर्थांश शाळा चर्च ऑफ इंग्लंडच्या आहेत. त्यांत फी घेतली जात नाही. अनेक खेड्यांत तर गावातली एकमेव शाळा हीच असते. त्यामुळे ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या घरांतली मुले इथे एकाच वर्गात बसतात. या शाळांतील उपासनेचे स्वरूप समजून घेताना ही वस्तुस्थिती प्रथम ध्यानात ठेवावी लागते.

या शाळांचा पाया 1811 साली स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीने घातला. गरिबांच्या मुलांना लिहिणे-वाचणे आणि ख्रिस्ती धर्मतत्त्वे शिकवणे हा तिचा हेतू होता. शिक्षक थोडे आणि मुले फार, या अडचणीवरचा तोडगा मात्र भारतातून गेला. मद्रासच्या एग्मोर भागातील लष्करी अनाथालयात अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकरवी धाकट्यांना शिकवण्याची रीत रूढ केली होती. स्थानिक मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहून त्यांना ती सुचली. पुढे इंग्लंडमध्ये ती ‘मद्रास पद्धत’ म्हणूनच ओळखली गेली. 1870 च्या कायद्याने सरकारी प्राथमिक शाळांची वाट मोकळी केली आणि पाल्याला धर्मशिक्षणातून वगळण्याचा हक्क पालकांना दिला. 1944 च्या कायद्याने चर्चच्या शाळा सार्वजनिक व्यवस्थेत सामावून घेतल्या. काहींच्या व्यवस्थापनात चर्चचे बहुमत राहिले, तर काहींत त्याचे प्रतिनिधी अल्पसंख्य झाले.

याच कायद्याने रोजची सामूहिक उपासना सर्व सरकारी अनुदानित शाळांना बंधनकारक केली. कोणत्याही धर्मसंस्थेशी न जोडलेल्या शाळांत ती मुख्यतः व्यापक ख्रिस्ती स्वरूपाची असावी, असे 1988 च्या कायद्याने ठरवले. चर्चच्या शाळेत ती संस्थेच्या विश्वस्त दस्तऐवजाला धरून होते. धर्मशिक्षणाचा तास वेगळा असतो. त्यात इतर धर्मांचाही अभ्यास होतो. उपासना हा मात्र पाठ नव्हे.

उपासनेसाठी मुले सभागृहात ओळीने येऊन बसतात. मेणबत्ती लावली जाते. टेबलावरचे कापड चर्चच्या वर्षाप्रमाणे बदलते : आगमनकाळात व उपवासकाळात जांभळे, नाताळ व ईस्टरला पांढरे, एरवी बहुधा हिरवे. मग पवित्र शास्त्रातील एखादी गोष्ट, एक गीत, थोडी शांतता आणि प्रार्थना. कधी गावच्या चर्चचे धर्मगुरू, म्हणजे व्हिकर, येतात, कधी मोठ्या वर्गातली मुलेच सारे चालवतात. प्रार्थनेआधी मुलांना सांगितले जाते की ज्याला ती आपली वाटेल त्याने ‘आमेन’ म्हणावे. इतरांनी आपल्या विचारात शांत बसावे. ही मोकळीक या उपासनेचा प्राण आहे. सक्तीने म्हणवून घेतलेल्या ‘आमेन’ला धार्मिक मोल नाही, आणि शिक्षणाच्या दृष्टीनेही ते घातकच. नाताळच्या सुमारास अनेक शाळांत ख्रिस्टिंगल, म्हणजे सजवलेले संत्रे हाती घेऊन केलेली उपासना, होते. संत्रे म्हणजे जग, त्याभोवतीची लाल फीत ख्रिस्ताचे रक्त, वरची मेणबत्ती ख्रिस्ताचा प्रकाश आणि चार काड्यांवरची फळे-मिठाई म्हणजे ऋतू. ही प्रथा 1747 साली जर्मनीतील मोरावियन मंडळीत सुरू झाली आणि 1968 पासून चिल्ड्रन्स सोसायटीने ती इंग्लंडभर पोहोचवली.

मूल्यांच्या बाबतीत प्रत्येक शाळा आपली निवड करते : क्षमा, कृतज्ञता, धीर, सेवा, विश्वास. पुष्कळदा अर्ध्या सत्रासाठी एकच मूल्य घेतले जाते. ही मूल्ये केवळ ख्रिस्ती माणसांची नाहीत, हे उघड आहे. त्यांना ख्रिस्ती रूप येते ते त्यांच्यामागच्या कथेमुळे. क्षमा शिकवताना उधळ्या पुत्राचा दाखला येतो. घर सोडून गेलेल्या मुलाकडे बाप धावत जातो, तो हिशेब मागायला नव्हे. शेजाऱ्यावरील प्रेम सांगताना चांगला शोमरोनी येतो, म्हणजे परका मानलेला माणूसच. खरी कसोटी पुढेच आहे. मैदानावर मारामारी केलेल्या मुलाला शाळा कशी वागवते, त्याला चूक दुरुस्त करून परत यायची वाट ठेवते की नाही, यावरून क्षमा भिंतीवरच्या फलकापुरती आहे की शाळेत मुरली आहे ते कळते. चर्चतर्फे होणाऱ्या स्वतंत्र तपासणीतही शाळेचा ख्रिस्ती दृष्टिकोन मुलांच्या आणि शिक्षकांच्या रोजच्या जगण्यात उतरतो का, हे पाहिले जाते.

पालक आजही मुलाला उपासनेतून पूर्णतः वा अंशतः वगळू शकतात. कारण देणे बंधनकारक नाही आणि त्या वेळी मुलावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी शाळेचीच राहते. तरीही ह्यूमनिस्ट्स यूकेसारख्या मानवतावादी संस्थांचा आक्षेप आहे की एकट्या मुलाला बाजूला बसवणे हा समाधानकारक पर्याय नाही. गावात दुसरी शाळाच नसेल, तेथे या आक्षेपाला विशेष वजन येते. म्हणूनच चर्चच्या अलीकडच्या मार्गदर्शनात उपासना सर्वांना सामावून घेणारी आणि निमंत्रणाच्या स्वरूपाची असावी यावर भर आहे.