असं का होतं? : बोलताना फाडफाड, धड्यापाशी अडखळ

मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन भागातल्या सरकारी उंच इमारतींत सोमालिया, इथिओपिया, इरिट्रियातून आलेली बरीच कुटुंबं राहतात. अशा घरांतली मुलं वर्ष-दोन वर्षांत फाडफाड इंग्रजी बोलू लागतात. विज्ञानाच्या धड्यापाशी मात्र गाडी अडते. का?

मैदानावर ‘इकडे टाक’ म्हटलं, की हात, नजर, चेंडू सगळेच अर्थ सांगतात. पुस्तकातल्या ‘बाष्पीभवना’ला असा आधाराचा मांडव नसतो, समजेच्या वेलीने नुसत्या शब्दांवरच चढायचं. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मते ही पुस्तकी भाषा जमायला पाचेक वर्षं तरी लागतात. शाळा तेवढी थांबत नाही. घरी विचारावं, तर आईवडीलच सरकारी पत्रं मुलाकडून वाचून घेतात!

नॉर्थ मेलबर्न फुटबॉल क्लबने २०१० मध्ये सुरू केलेला ‘द हडल’ हा उपक्रम इथे कामी येतो. क्लबच्या आवारात चक्क अभ्यास! शेजारी बसून कुणी प्रश्न सोपा करून दिला, की हरवलेला मांडव परत मिळतो.

अर्थात, सगळ्यांची अडचण सारखी नसते. मायबोलीत कल्पना पक्की असेल, तर तिला फक्त नवं नाव चिकटवायचं उरतं. निर्वासित छावणीत शाळा बुडालेल्या मुलाला मात्र कल्पना आणि नाव दोन्ही एकदमच शिकावं लागतं.